व्यक्तिचित्रातील द्रव्य आणि अर्थ
तंजावरच्या भोसले राजांच्या चित्रांच्या अनुषंगाने

१

'मिश्रमाध्यम' ही संज्ञा मराठी कलासमीक्षेत आता चांगलीच रुळली आहे. एकाच चित्रात रंगाबरोबर कापड, धातू, काच, कागद, छायाचित्र अशी भिन्न द्रव्ये योजिलेली असली म्हणजे तिचा उपयोग केला जातो. संज्ञा सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु ती द्रव्यांची केवळ यादी देते. त्या द्रव्यांचे परस्परांशी आणि चित्रविषयाशी कोणते नाते आहे, याविषयी ती मौन पाळते. चित्रविषय एखादा देखावा असेल तर हे मौन फारसे खटकत नाही. तो विषय जेव्हा इतिहासातील अथवा संस्कृतीतील एखादी थोर व्यक्ती असतो, तेव्हा मात्र प्रश्न टाळता येत नाही. त्या व्यक्तीच्या चित्रावर सोन्याचा वर्ख चढवला, तर तो वर्ख त्या व्यक्तीविषयी काही सांगतो, की वर्ख चढवणाऱ्याच्या भक्तीविषयी? प्रस्तुत लेखाचा हेतू या एका प्रश्नाची छाननी करणे हा आहे. उदाहरणादाखल तंजावरच्या मराठा राजांची व्यक्तिचित्रे घेतली आहेत. ही चित्रे मिश्रमाध्यमाची आहेत, ती आपल्या इतिहासाशी निगडित आहेत, आणि त्यांच्यातील सुवर्णाला केवळ 'अलंकरण' म्हणून निकालात काढण्याची सवय अद्याप सुटलेली नाही.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रात चित्राचे सत्य, वैणिक, नागर आणि मिश्र असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातील 'मिश्र' म्हणजे आजचे मिश्रमाध्यम असे समजण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. तेथील मिश्रण चित्रणाच्या प्रकारांचे आहे, द्रव्यांचे नव्हे. द्रव्यांचा विचार त्या ग्रंथात वेगळ्या ठिकाणी, रंगद्रव्यांच्या संदर्भात येतो, आणि त्यात सुवर्णादी धातूंचाही समावेश आहे. प्राचीन चित्रविचाराला सोने चित्रबाह्य वाटत नव्हते, एवढा निष्कर्ष मात्र यावरून निघतो.

२

मनुष्याच्या चित्राला आपण जी नावे देत आलो, ती तपासून पाहण्यासारखी आहेत. 'प्रतिमा' या शब्दात 'मा' म्हणजे मोजणे हा धातू आहे. मूळ वस्तूच्या तोडीस तोड मापून केलेली ती प्रतिमा. 'छबी' हा संस्कृत 'छवि'पासून आला. त्या शब्दाच्या अर्थांत त्वचा, कांती, वर्ण हे अर्थ आहेत. 'तसबीर' हा अरबी 'तस्वीर'चा फारसीमार्गे आलेला अवतार; त्याच्या मुळाशी 'सूरत' म्हणजे रूप आहे. फारसी दरबारी परिभाषेत 'शबीह' असा आणखी एक शब्द होता, त्याचा अर्थ सरळ 'सारखा, सदृश' असा आहे. या चार शब्दांत माप, कांती, रूप आणि सादृश्य अशी चार निरनिराळी अंगे पुढे आली आहेत. तथापि चारही शब्दांची दृष्टी मूळ व्यक्तीच्या दृश्य रूपाकडेच लागलेली आहे.

'व्यक्तिचित्र' या आधुनिक शब्दाची गोष्ट निराळी आहे. 'व्यक्ति' हा शब्द 'वि' या उपसर्गासह 'अञ्ज्' या धातूपासून सिद्ध झाला. त्याच धातूपासून 'अंजन' आणि 'व्यंजन' हे शब्द आले. 'अञ्ज्' म्हणजे माखणे, लेप देणे. 'वि' उपसर्ग लागल्यावर त्याला 'प्रकट करणे' हा अर्थ तर मिळतोच, शिवाय 'सजवणे' असाही अर्थ प्राचीन भाषेत आढळतो. लेपणे, सजवणे आणि प्रकट करणे या तीन क्रिया येथे एकाच धातूच्या आश्रयाने नांदतात. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला सांगावयास नको. शब्दाच्या मुळाशी जे होते ते आजच्या अर्थात असतेच असे नाही. तरीही, लेप आणि अलंकार यांच्या योगाने माणूस झाकला जात नसून उलट प्रकट होतो, अशी एक शक्यता या शब्दाने आपल्यापुढे ठेवली आहे. ती प्रत्यक्ष चित्रांवर तपासून घेतली पाहिजे.

मराठी इतिहाससंशोधनाने व्यक्तिचित्रांकडे पाहताना जवळजवळ सर्व भार सादृश्यावर टाकला, आणि त्याला सबळ कारण होते. शिवाजी महाराजांचे म्हणून भलत्याच व्यक्तीचे चित्र दीर्घकाळ प्रचारात होते. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे विश्वसनीय चित्र प्रकाशात आणून ती चूक दुरुस्त केली. 'खरा चेहरा कोणता?' हा प्रश्न त्या प्रसंगी योग्यच होता, आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु एका प्रश्नाचे महत्त्व मान्य केले म्हणून दुसरा प्रश्न निरर्थक ठरत नाही. चेहरा खरा की खोटा याचा निर्णय झाल्यावरही चित्रातील उरलेला भाग काय बोलतो, हे विचारावयाचे राहतेच.

३

तंजावरच्या चित्रपरंपरेला तमिळमध्ये 'पलगै पडम्' असे नाव आहे. 'पलगै' म्हणजे फळी. हा शब्द आणि संस्कृत 'फलक' एकाच शब्दकुळातील आहेत. 'पडम्' म्हणजे चित्र. पण तो संस्कृत 'पट' या शब्दाचा, म्हणजे वस्त्राचा, वंशज आहे. या कलेच्या नावातच लाकूड आणि कापड ही दोन द्रव्ये एकमेकांना चिकटून बसली आहेत, आणि नेमकी हीच या चित्राच्या निर्मितीतील पहिली पायरी आहे.

फणसाच्या किंवा अन्य टिकाऊ लाकडाच्या फळीवर डिंकाने वा चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवतात. त्यावर खडूची पूड व डिंक यांचे लेप देऊन पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करतात. मग रेखन होते. त्यानंतर दागिने, मुकुट, कमानी, खांब, आसन यांच्या जागी काचेचे तुकडे व खडे बसवतात. चुनखडीची पूड आणि डिंक यांच्या घट्ट लगद्याने उठाव आणतात. आणि त्या उठावावर सोन्याचा वर्ख दाबून बसवतात. हे सर्व झाल्यावर रंगकाम येते, आणि चेहऱ्याचे बारीक काम अगदी शेवटी होते.

हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अलंकार हा शब्द उच्चारला की आधी देह आणि मग त्यावर दागिना, असा क्रम आपण गृहीत धरतो. तंजावरच्या फळीवर तो उलटा आहे. तेथे आधी दागिना घडतो आणि मग त्या दागिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत देह रंगतो. सोने चित्रावर चढवलेले नसते, तर चित्र सोन्याच्या कोंदणात बसवलेले असते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. सपाट पृष्ठभागावरचा वर्ख एका विशिष्ट कोनातूनच चमकतो. उठावावर दाबलेल्या वर्खाला अनेक कोन असतात, म्हणून समईच्या हलत्या ज्योतीत त्याचा कोणता तरी भाग सतत उजळत राहतो. चेहरा मात्र सपाट रंगाचा असल्याने त्याला स्वतःची चमक नसते. मंद प्रकाशात दागिने पुढे येतात आणि चेहरा मागे शांत राहतो. ग्रंथातील छापील प्रतिकृतीत हा फरक पूर्णपणे नष्ट होतो. तेथे सोने हा केवळ पिवळा रंग होतो. या चित्रांवर 'अलंकारबाहुल्याचा' आरोप करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांना प्रतिकृतीबाहेर पाहिले असेल, हा प्रश्न अनाठायी नाही.

ही पद्धत मुळात देवचित्रांची. बाळकृष्ण, रामपट्टाभिषेक, लक्ष्मी हे तिचे नित्याचे विषय. भोसले राजांच्या दरबारात तीच पद्धत राजाच्या चित्राला लावली गेली. राजचित्रांत चेहऱ्याला छायाप्रकाशाचा स्पर्श होऊन विशिष्ट व्यक्तीची ओळख पटावी असा प्रयत्न दिसतो. पागोटे, तुरा, कंठे, तलवारीची मूठ यांना मात्र देवचित्रातलाच उठाव आणि तेच सोने. एका फळीवर दोन भाषा बोलल्या जातात. रंग म्हणतो, 'हा असा दिसतो.' सोने दिसण्याविषयी काहीच म्हणत नाही. सोन्याने दाखवलेला कंठा कंठ्यासारखा दिसतो म्हणून अर्थपूर्ण झालेला नाही. तो सोन्याचाच आहे.

४

या भेदाला शास्त्रीय परिभाषा उपलब्ध आहे. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन वर्ग केले: सादृश्याने अर्थ देणारी, प्रत्यक्ष संबंधाने अर्थ देणारी आणि संकेताने अर्थ देणारी. चेहरा पहिल्या वर्गात पडतो, चित्राखाली लिहिलेले नाव तिसऱ्यात. सोन्याला या वर्गांत बसवताना थोडी ओढाताण होते. नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात मांडलेली कल्पना येथे अधिक उपयोगी पडते. शिंप्याकडील नमुन्याचा तुकडा कापडाचे चित्र नसतो. तो त्याच कापडाचा अंश असतो, आणि आपल्या ठिकाणी असलेल्या रंग-पोतादी गुणांचा निर्देश करतो. तंजावरच्या चित्रातील सोने हे राजवैभवाचे चित्र नसून त्याचा नमुना आहे.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही. नमुना आहे हे खरे; पण तो कशासाठी ठेवला आहे? येथे मराठी व्याकरणातील एक भेद साहाय्यास घेता येईल. 'गांधी आले' आणि 'गांधीजी आले' या दोन वाक्यांत वार्ता एकच आहे. 'जी' हा घटक गांधींविषयी नवी माहिती देत नाही; बोलणाऱ्याचा त्यांच्याविषयीचा भाव तो सांगतो. आदरार्थी बहुवचनाचेही तेच. याउलट 'गांधी निर्भय होते' या वाक्यात 'निर्भय होते' हे विधेय आहे. ते खरे किंवा खोटे ठरू शकते. त्याला आव्हान देता येते. आदरार्थी 'जी'ला फार तर अनुचित म्हणता येईल, खोटे म्हणता येणार नाही.

व्यक्तिचित्रात मिसळलेले द्रव्य हे आदरार्थी प्रत्ययासारखे असू शकते किंवा विधेयासारखे. मिश्रमाध्यमातील व्यक्तिचित्राचे मूल्यमापन करताना पहिला निर्णय हाच घ्यावा लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्रातील घराघरांत याची उदाहरणे सापडतात. रविवर्म्याच्या छापखान्याची स्थापना १८९४ साली झाली, आणि देवदेवतांची रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. अशा छापील चित्रांतील लक्ष्मी-सरस्वतीच्या लुगड्यावर जर, टिकल्या, मणी आणि खरे कापड शिवून-चिकटवून ती सजवण्याची चाल पडली. येथे चित्र आधी पूर्ण झालेले आहे आणि द्रव्य मागाहून आले आहे. ते चित्रकाराचे नाही, भक्ताचे आहे. घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांच्या छायाचित्राला घातलेला चंदनाचा हार आणि काचेवर लावलेला कुंकवाचा टिळा हेही असेच. हा आदरार्थी प्रत्यय आहे, आणि त्याच्या जागी तो पूर्णतः शोभतो. हार काढून ठेवला तरी आजोबांच्या चेहऱ्याचा अर्थ बदलत नाही.

दुसऱ्या टोकाला देवघरातील टाक आहेत. पूर्वजाच्या नावे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेल्या आकृतीत सादृश्य शोधणे व्यर्थ आहे. घोड्यावरचा हा वीर अमुक पणजोबा, हे टाकाचा चेहरा सांगत नाही. कुळाची स्मृती सांगते. तेथे सादृश्य जवळजवळ शून्य, आणि सर्व भार द्रव्यावर व संकेतावर. सजवलेले छापील चित्र आणि टाक ही दोन टोके मानली, तर तंजावरचे राजचित्र त्यांच्यामध्ये उभे आहे. त्यात सादृश्यही आहे आणि द्रव्यही, आणि द्रव्य मागाहून चिकटवलेले नाही.

५

तंजावरच्या चित्रातील सोने विधेय आहे असे म्हणावयाचे, तर ते विधान काय करते आणि कोणत्या परिस्थितीत करते, हे दाखवले पाहिजे.

दुसऱ्या सरफोजी राजांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. तुळजाजींच्या मृत्यूनंतर गादी अमरसिंहांकडे गेली; सरफोजींचे शिक्षण व पालन यांत श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याचा मोठा वाटा होता. १७९८ साली कंपनी सरकारने सरफोजींना गादीवर बसवले, आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग राहिला. एक लाख होन आणि वसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक ठरली. १८३२ साली मृत्यू येईपर्यंत ते या मर्यादेत राजे होते. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी १८५५ साली पुत्रसंतानाविना वारले आणि कंपनीने उरलेले राज्यही खालसा केले.

'हा राजा आहे' हे वाक्य १७९९ पूर्वी आणि १७९९ नंतर उच्चारले तर त्याचे शब्द तेच राहतात. अर्थ तोच राहत नाही. पूर्वी ते वस्तुस्थितीचे कथन होते. नंतर तो एक दावा झाला. तंजावरच्या चित्रपद्धतीतील सोने १७९९ नंतर जन्माला आलेले नाही. पद्धत जुनीच आहे. परंतु ज्याच्या हातून महसूल, सैन्य आणि न्याय गेला, त्याच्या चित्रात जेव्हा सोने पूर्ववत झळकते, तेव्हा त्याला नवे कार्य प्राप्त होते. ज्या थोड्या ठिकाणी राजपद अजून वस्तुरूपाने शिल्लक होते, त्यांपैकी चित्राची फळी हे एक ठिकाण ठरते. रंगाने काढलेल्या सोन्याला हे साधले नसते. रंग म्हणाला असता, 'हा राजासारखा दिसतो', आणि 'सारखा' हा शब्द अशा वेळी फार क्रूर असतो.

या वाचनाला दोन बाजूंनी आधार मिळतो. पहिला आधार शिलेचा. तहानंतर चार वर्षांनी, १८०३ साली, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरण्यात आला. सत्ता गेल्यावर वंशेतिहास दगडात कोरणे आणि राजपद सोन्यात दाखवणे या दोन कृतींमागची प्रेरणा एकच आहे, हे सिद्ध करता येत नाही. पण दोन्हींत अर्थाइतकेच द्रव्याला महत्त्व आहे, हे नाकारता येत नाही. तोच मजकूर कागदावर लिहिला असता तर तो बखर झाला असता.

दुसरा आधार विरोधातून मिळतो. तंजावरच्या श्वार्त्झ चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेले श्वार्त्झचे संगमरवरी स्मारक आहे. मृत्युशय्येवरील गुरूच्या भेटीस आलेले सरफोजी त्यात दाखवले आहेत. शिल्प संयमित आणि हृद्य आहे. त्यात रंग नाही, सोने नाही. गुरूचे अंग आणि राजाचे अंग एकाच पांढऱ्या दगडाचे. येथील सरफोजी कृतज्ञ शिष्य आहेत. हे असत्य नव्हे. गुरूविषयी त्यांना खरोखरच प्रेम होते, त्याच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्रजी पद्यही रचले. तथापि एकाच द्रव्याने सर्वांना समान करून टाकणारे हे शिल्प आणि राजाला वेगळ्या द्रव्याने वेगळा काढणारी फळी यांना शेजारी ठेवले म्हणजे द्रव्य काय बोलते ते स्पष्ट होते. व्यक्ती तीच, विधेय बदलले.

याच राजाने 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी काव्यनाट्य रचले, हेही येथे स्मरणीय आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, भाषा मराठी, आणि त्यात वर्णिलेला भूगोल युरोपीय विद्येतून आलेला. मिश्रण हा तंजावरच्या दरबाराचा छंद नव्हता. तो त्या दरबाराचा नित्य व्यवहार होता. तमिळ प्रदेशात पिढ्यान् पिढ्या राहून मराठी बोलणाऱ्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या भाषेत शेजारच्या भाषेतील शब्द आणि रचना सहज मुरल्या, तिला भेसळ म्हणणारा अभ्यासक त्या भाषेचे व्याकरण कधीच लिहू शकणार नाही. चित्राचेही तसेच आहे.

६

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. सोने जर विधेय असेल, तर ते सर्व राजांच्या चित्रांत सारखेच का? प्रत्येकाचा कंठा, प्रत्येकाचा तुरा त्याच उठावाचा, त्याच वर्खाचा. सर्वांना लागू पडणारे विधेय व्यक्तीविषयी काय सांगणार?

आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. चित्रकाराने ज्याला कधी पाहिले नाही अशा पूर्वजाचे चित्र मागाहून काढले जाते, तेव्हा चेहरा सांकेतिक होतो, सोने नेहमीचेच असते, आणि ओळख केवळ खाली लिहिलेल्या नावावर उरते. असे चित्र व्यक्तिचित्र राहत नाही. ते पदाचे चित्र होते. चित्राच्या षडंगांत सादृश्य आणि वर्णिकाभंग, म्हणजे रंगद्रव्यांची योजना, ही दोन वेगळी अंगे सांगितली आहेत, एकाच्या बदल्यात दुसरे असे सांगितलेले नाही. चेहऱ्याने 'कोण' हे सांगावे आणि सोन्याने 'काय' हे सांगावे, तेव्हाच वाक्य पुरे होते. उद्देश्य हरवले की विधेय कितीही झळाळो, ते कोणाविषयी आहे हे कळत नाही. तंजावरच्या परंपरेतील दुबळी चित्रे याच ठिकाणी दुबळी आहेत. सोने जास्त झाले म्हणून नव्हे, चेहरा कमी पडला म्हणून.

हा निकष हाती आला की आजच्या निर्मितीकडेही पाहता येते. तंजावर चित्रांना भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले आहे. त्या पद्धतीची चित्रे आता सर्वत्र विकली जातात, आणि देवांबरोबर संत, समाजसुधारक व राष्ट्रपुरुष यांच्या प्रतिमांवरही वर्ख आणि खडे चढू लागले आहेत. हेतू आदराचा असतो, त्याविषयी उपहास करण्याचे कारण नाही. पण गाडगे महाराजांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. १८७६ ते १९५६ या आपल्या आयुष्यात त्यांनी अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे एवढाच संसार ठेवला. हे त्यांचे दारिद्र्य नव्हते, ते त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या चित्राला सोन्याची कड आणि खड्यांची प्रभावळ लावली, तर आदरार्थी प्रत्यय विधेयाचा गळा घोटतो. ते वाक्य व्याकरणशुद्ध असेल, पण ते गाडगे महाराजांविषयीचे राहणार नाही. जुन्या कापडाचे ठिगळ आणि भाजलेल्या मातीचा तुकडा यांनी तेच चित्र घडवले, तर द्रव्य पुन्हा बोलू लागेल. मिश्रमाध्यमाला येथे खरोखर अवसर आहे, आणि तो बहुधा दवडला जातो.

सोने सोडून द्रव्याला विधेय करता येते, याचे एक आधुनिक उदाहरण मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांनी घालून दिले आहे. गांधी हा त्यांच्या चित्रांचा दीर्घकाळचा विषय. २००२ सालच्या 'ब्रोकन ब्रँचेस' या रचनेत त्यांनी पोरबंदरच्या गांधी स्मारकातील काचेच्या कपाटांवरून सुचलेली नऊ लाकडी कपाटे मांडली, आणि त्यांत छायाचित्रांबरोबर कृत्रिम अवयव व अवजारे ठेवली. रूढ अर्थाने हे व्यक्तिचित्र नव्हे. परंतु स्मारकात पूज्य वस्तू जेथे असावयाच्या तेथे मोडलेल्या शरीराची साधने ठेवल्याने, गांधींच्या भूमीत त्या वर्षी जे घडले त्याची जाणीव द्रव्यच करून देते. यातील कपाटे रिकामी करून त्यांचे केवळ तैलचित्र काढले, तर उरेल ती माहिती. आरोप उरणार नाही. द्रव्य काढून घेतल्यावर अर्थाची हानी होते की केवळ शोभेची, ही विधेय ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी आहे.

७

ही कसोटी तंजावरच्या राजचित्राला लावून पाहावी. सोने काढून तेथे पिवळा रंग भरला, तर मागे राहतो एक सुसंस्कृत, विद्याव्यासंगी, नेमणुकीवर जगणारा गृहस्थ. इतिहासाच्या दृष्टीने हे चित्र कदाचित अधिक अचूक ठरेल. पण त्या गृहस्थाने स्वतःविषयी जे म्हटले होते ते त्यातून पुसले जाईल. व्यक्तिचित्र हे केवळ व्यक्तीविषयीचे निवेदन नसते. पुष्कळदा त्यात चित्रित व्यक्तीचेच म्हणणे असते. ते म्हणणे वस्तुस्थितीशी जुळत नाही म्हणून ते ऐकूच नये, असा नियम समीक्षेने करू नये. जुळत नाही, हेच तर त्यातले ऐकण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांना यावरून एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. मिश्रमाध्यमातील व्यक्तिचित्राची नोंद करताना 'लाकूड, कापड, खडू, काच, सोने, रंग' अशी यादी देऊन थांबू नये. कोणते द्रव्य आधी आले आणि कोणते नंतर, कोणते चित्रकाराच्या हातचे आणि कोणते पाहणाऱ्याच्या, आणि कोणते काढले असता वाक्य मोडते, हे त्या नोंदीत आले पाहिजे. शब्दांची यादी म्हणजे व्याकरण नव्हे, हे आपण भाषेच्या अभ्यासात पहिल्याच वर्षी शिकतो. चित्रापुढे उभे राहिल्यावर मात्र तेच विसरतो, आणि सोने दिसले की 'अलंकरण' असा शेरा मारून पुढच्या चित्राकडे वळतो. तंजावरच्या फळीवर सोने आधी बसते आणि चेहरा शेवटी येतो. आपली नजरही एकदा त्याच क्रमाने फिरवून पाहण्यास हरकत नाही.